जिप्सीत डिझेल इंजिन बसवताय? पाइप किती इंची, हा प्रश्न सगळ्यात शेवटी

कऱ्हाडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्याकडं 2004 ची जिप्सी आहे, 1.3 एमपीएफआय पेट्रोल. त्यात स्विफ्टचं 1.3 डिझेल इंजिन, 75 पीएसवालं, बसवायचं ठरलंय. माउंटिंग झाली, गिअरबॉक्सची ॲडॉप्टर प्लेट लेथवाल्याकडं आहे. आता विचारतायत की एक्झॉस्टचा पाइप किती इंची घ्यावा, आणि जुना कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आणि सायलेन्सर चालून जाईल का.

कोल्हापुरात उद्यमनगरात शेड टाकून मला बरीच वर्षं झाली. असल्या कामात माणसं इंजिनासाठी तीन महिने फिरतात, भंगारवाल्याशी दहा-दहा रुपयांवरून भांडतात, आणि एक्झॉस्ट मात्र शेवटच्या दिवशी, "सायलेन्सरवाल्याकडं नेऊन दोन बेंड मारून घे" म्हणून उरकतात. मग गाडी ओढत नाही, धूर मारते, आणि बिचारे इंजेक्टर बदलले जातात. म्हणून थोडं लांबवून सांगतो.

आधी कागदाचं. जिप्सी शेवटपर्यंत पेट्रोलमध्येच आली, तेव्हा तुमच्या आरसीवर इंधन पेट्रोलच लिहिलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल पाहता, कंपनीनं दिलेल्या मूळ नोंदीशी विसंगत बदल रस्त्यावर चालत नाही. कलम 182-अ प्रमाणं अशा प्रत्येक बदलामागं 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आरटीओत लेखी विचारल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. व्यवहारात पहिली अडचण पीयूसीवरच येते. केंद्रावरचा पोरगा नंबर टाकतो, वाहन पोर्टल "पेट्रोल" दाखवतं, मशीन सीओ आणि हायड्रोकार्बन मागतं, आणि नळीतून डिझेलचा धूर येत असतो. डिझेलची तपासणी वेगळीच असते. न्यूट्रलला पूर्ण रेस द्यायची आणि धुराची घनता मोजायची, बीएस-4 ला मर्यादा 1.62, त्याआधीच्या गाड्यांना 2.45. गाडी फक्त शेतात, खासगी जागेत किंवा ऑफरोडच्या मैदानात चालवायची असेल तर ते तुमचं तुम्ही ठरवा. पुढचं सगळं यंत्राबद्दल.

जुना कॅट काढा. ठेवून बघू, गरम झाला की साफ होईल, असं काही होत नाही. हवेचं आणि इंधनाचं प्रमाण अगदी तोलून असेल तरच पेट्रोलचा थ्री-वे कॅट त्याची तिन्ही कामं करतो: सीओ, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड साफ करणं. डिझेलमध्ये हवा कायम जास्त, त्यामुळं नायट्रोजन ऑक्साइडचं काम तो करूच शकत नाही. वर त्याची मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं काजळीनं भरतात. माझ्याकडं गगनबावड्याकडची एक गाडी आली होती, दुसऱ्याच कुणीतरी इंजिन बदललेली. तक्रार अशी की सपाटीला बरी, करूळ घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा दम टाकते आणि मागं काळं ढग. मालकानं इंजेक्टर तपासून आणले होते, डिझेल फिल्टर दोनदा बदलला होता. मीही आधी टर्बोच्या (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) होजा बघत बसलो, अर्धा दिवस घालवला. मग डाउनपाइप, म्हणजे टर्बोतून खाली उतरणारा पाइप, खोलून टॉर्च मारली तर कॅटच्या तोंडावर काजळीचा असा थर होता की बोटानं नाव लिहावं. त्याच्या जागी डिझेलचा ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट बसवला, त्याच इंजिनाच्या गाडीतून निघालेला. गाडी तशीच घाटात नेली, तिसऱ्यात चढली.

हा डिझेलचा कॅट टर्बोच्या जितका जवळ तितका बरा. साधारण 200 अंशांच्या खाली तो झोपलेला असतो, आणि डिझेलची आयडलिंगला नळी 100 ते 150 च्या आसपासच असते. पेट्रोलच्या कॅटच्या जागी, म्हणजे पार गाडीच्या पोटाखाली बसवलात तर गावातल्या गावात तो कधी जागाच होणार नाही. "काढूनच टाकू, पिकअप वाढेल" म्हणणारे भेटतील. न तुंबलेला कॅट अडथळा फार करत नाही, वास आणि धूर मात्र नक्की कमी करतो. मी काढून देत नाही.

आता इंच. पेट्रोल आणि डिझेलची तुलना करताना लोक म्हणतात, टर्बो डिझेलचा धूर दुप्पट असतो म्हणून पाइप दुप्पट. हिशेब करून बघा. जिप्सीचं 1298 सीसी पेट्रोल इंजिन 6000 आरपीएमला पूर्ण ताकदीवर सेकंदाला साधारण 65-70 ग्रॅम वायू बाहेर टाकतं. स्विफ्टचं 1248 सीसी डिझेल 4000 आरपीएमला, टर्बोचा दाब धरून, 80 च्या आसपास. वजनानं जास्त खरं, पण पेट्रोलचा वायू 800 अंशांचा, डिझेलचा टर्बोतून निघाल्यावर 550 चा. थंड वायू जागा कमी घेतो. आकारमान जवळजवळ सारखंच येतं.

मग जुना बारीक पाइप का चालत नाही? पहिलं कारण म्हणजे पेट्रोलला तुम्ही 6000 आरपीएमला महिन्यातून एकदा नेता, डिझेल घाटात कायमच 3000-3500 ला भाराखाली असतं. दुसरं कारण महत्त्वाचं, ते टर्बोचं. टर्बाइन फिरतं ते पुढच्या आणि मागच्या दाबाच्या गुणोत्तरावर. समजा मॅनिफोल्डचा (इंजिनातून निघालेला धूर टर्बोत नेणारा भाग) दाब मागच्या दाबाच्या दुप्पट आहे. मागं पाइपात तुम्ही 10 किलोपास्कलचा अडथळा वाढवलात तर तितकंच काम करून घ्यायला पुढं मॅनिफोल्डमध्ये 20 वाढावे लागतात. एवढ्या दाबाविरुद्ध पिस्टनला धूर बाहेर ढकलावा लागतो, सिलिंडरमध्ये जळका वायू उरतो, टर्बो उशिरा जागा होतो, एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि काळा धूर सुटतो. साध्या पेट्रोल इंजिनाला तोच अडथळा एकपटच लागतो. "डिझेलला थोडं बॅक प्रेशर लागतंच" ही म्हण मी वस्तादांकडून ऐकत आलो. टर्बोच्या मागं ते कशालाही लागत नाही.

वायूचा वेग काढला तर चित्र स्वच्छ होतं. 16 गेजच्या (साधारण 1.6 मिलीमीटर जाडीच्या) दीड इंची पाइपात पूर्ण ताकदीला सेकंदाला 200 मीटरच्या आसपास, दोन इंचीत 110, सव्वादोन इंचीत 85. आणि अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. म्हणून दीड इंची पाइप म्हणजे गळा दाबणं. या इंजिनाला मी टर्बोपासून कॅटपर्यंत सव्वादोन आणि तिथून मागं दोन इंच वापरतो. अडीच-तीन इंच घालून काही मिळत नाही. वजन वाढतं, जिप्सीच्या चॅसिसखाली ट्रान्सफर केस आणि प्रॉपेलर शाफ्ट चुकवताना जीव जातो, आणि आवाज ढोलासारखा येतो.

दोन इंची पाइप घेतला आणि बेंड साध्या बेंडरवर मारला, की वळणात तो चपटा होऊन पावणेदोनचा उरतो. दोन इंचाचे पैसे दिले आणि पावणेदोनचा घेऊन आलात. मँड्रेलवर, म्हणजे आतून आधार देऊन, मारलेले तयार बेंड विकत घ्या आणि सरळ पाइपाला जोडा, हे मला जास्त पटतं. दोन 45 अंशांचे बेंड एका आखूड 90 पेक्षा सहसा बरे.

आणि मग अंदाज करू नका, मोजा. टर्बोनंतर वीतभर अंतरावर पाइपाला एक आट्याचा बॉस (जाड नटासारखा तुकडा) वेल्ड करून घ्या, काम झाल्यावर बोल्ट मारून बंद करता येतो. त्याला दोन मीटर तांब्याची बारीक नळी, वेटोळं करून, म्हणजे वायू थंड होतो. तिच्या टोकाला पारदर्शक प्लास्टिक नळी, यू आकारात, निम्मी पाण्यानं भरलेली, रोलबारला टेपनं बांधा. दोन्ही उभ्या बाजू पावणेदोन मीटरच्या तरी ठेवा. पाणी फार नाचतं म्हणून मध्ये जुन्या कार्ब्युरेटरचा जेट घुसवतो मी, लगेच शांत होतं. पाण्यात थेंबभर शाई टाका. दोन पातळ्यांमध्ये एक मीटरचा फरक म्हणजे 10 किलोपास्कल. गाडी घाटात न्या, तिसरा गिअर, पूर्ण ॲक्सिलरेटर, 3500 आरपीएम, शेजारी बसलेल्यानं वाचायचं. न्यूट्रलला रेस देऊन मोजण्यात अर्थ नाही, भार नसला की टर्बो दाबच करत नाही. सगळं धरून मीटरच्या आसपास आलं तर उत्तम. दीड मीटरपर्यंत मी सोडून देतो. पाणी उडून तुमच्या अंगावर आलं तर पाइप परत बनवायचा.

इंचांचं एवढं सांगितलं, पण माझ्याकडं परत आलेल्या गाड्या इंचांमुळं क्वचित आल्यात. त्या येतात पहिल्या दोन फुटांमुळं. टर्बोच्या फ्लँजपासून (बोल्टनं जोडायची चकती) फ्लेक्सिबलपर्यंतचा (जाळीचा, वाकणारा जोड) तुकडा हेच खरं काम आहे.

डिझेल इंजिन चालू-बंद होताना किती हलतं ते बॉनेट उघडून बघा. चावी बंद केली की शेवटचा झटका बसतो तो बघाच. जिप्सीत इंजिन लांबीत बसतं, त्यामुळं ते डावी-उजवीकडं डोलतं. स्विफ्टमध्ये तेच इंजिन आडवं असल्यामुळं पुढं-मागं डोलत होतं. म्हणून स्विफ्टचा डाउनपाइप कापून, वळवून जोडला तरी त्याचं फ्लेक्सिबल जिप्सीत बरोबर दिशेला वाकेलच असं नाही. फ्लेक्सिबल वाकण्यासाठी असतं, पिळण्यासाठी नाही. लांबीत बसवलेल्या इंजिनाला गाडीच्या लांबीत जाणाऱ्या पाइपावर ते घातलं तर डोलताना त्याला पीळ बसतो आणि जाळी सहा महिन्यांत उसवते. जागा असेल तर ते उभ्या तुकड्यात घाला, नाहीतर आडव्या तुकड्यात इंजिनाच्या मध्यरेषेच्या जितकं जवळ जमेल तितकं, आणि लांबी सहा इंचांपेक्षा कमी नको.

फ्लेक्सिबलच्या आधीचं सगळं वजन इंजिनावर बांधायचं. डाउनपाइपला एक ब्रॅकेट, ती इंजिन ब्लॉकला किंवा बेलहाउसिंगला. चॅसिसला नाही. माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या एका जिप्सीला मी ती ब्रॅकेट दिलीच नाही, म्हटलं फ्लँजला तीन बोल्ट आहेत की. कॅट आणि पाइप मिळून पाच-सहा किलो टर्बोच्या कास्टिंगवर लोंबकळत राहिले. तीन महिन्यांनी मालक म्हणाला शिट्टीसारखा आवाज येतोय. टर्बाइन हाउसिंगला फ्लँजच्या मुळाशी केसाएवढी भेग होती, तिच्याभोवती काळं फासल्यासारखं. कास्टिंग वेल्ड करून टिकत नाही. टर्बो माझ्या खिशातून गेला.

फ्लँजची जाडी 10 मिलीमीटर घ्या. 6 ची वेल्डिंगच्या उष्णतेनं वाकते, मग कितीही पॅकिंग घाला, फुंकतेच. वेल्ड करताना फ्लँज जुन्या हाउसिंगला किंवा जाड पट्टीला बोल्टनं आवळून करा, आणि वेल्डनंतर एकदा लेथवर फेस मारून घ्या. टर्बोची तोंडं आधी कापडानं बंद करा. मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या मध्ये स्पेसर करायची वेळ आली, टर्बो चॅसिसला किंवा स्टिअरिंग शाफ्टला लागतोय म्हणून, तर आतली बाजू घासून अगदी गुळगुळीत करा. वेल्डचा ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा सुटून टर्बाइनवर गेला की पाती गेलीच. गाडीवर वेल्डिंग करत असाल तर बॅटरी सोडा आणि ईसीयूचे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचे, प्लग काढा. हे सांगूनही दर वर्षी एक तरी ईसीयू माझ्याकडं रडत येतो.

तिथंच आणखी एक. इंजिन बसवताना ते मूळपेक्षा जास्त कललं तर टर्बोच्या तेलाची परतीची नळीही कलते. ते तेल दाबानं नाही, आपल्या वजनानं खाली येतं. नळीला कुठं पोट आलं की तेल तुंबतं, टर्बोच्या सीलमधून एक्झॉस्टमध्ये उतरतं आणि निळा धूर येतो. लोक समजतात रिंगा गेल्या. नळी उतरती, रुंद, कुठंही झोळ नको.

उष्णतेचं. टर्बोच्या आसपास काय काय येतं याची यादी गाडी बघूनच होईल, पण उजव्या बाजूला स्टिअरिंग, ब्रेकच्या नळ्या आणि तुमचा पाय आहे. ब्रेकच्या नळीपासून तीन इंच तरी सोडा, आणि मध्ये पत्रा घाला. पत्रा पाइपाला चिकटून नको, 10-12 मिलीमीटर हवा सोडून. दोन पातळ पत्रे आणि मध्ये हवा, हे एका जाड पत्र्यापेक्षा कितीतरी चांगलं. पाइपाला गुंडाळायची पट्टी मिळते ती दिसायला झकास असते. पण साध्या लोखंडी पाइपावर आपल्याकडच्या पावसात ती ओलं फडकं गुंडाळल्यासारखी राहते, आणि दोन पावसाळ्यांत पाइप आतून-बाहेरून कुजतो. स्टेनलेसवर वापरा हवी तर, कॅटपर्यंतच.

पाइप कशाचा? खिसा असेल तर 409 स्टेनलेस, नाहीतर ॲल्युमिनाइज्ड, नाहीतर 16 गेजचा साधा ईआरडब्ल्यू (जोड असलेला लोखंडी पाइप). 304 घेतलात आणि साध्या लोखंडाला जोडायचा असेल तर 309 ची वेल्डिंग वायर मागा. पाण्याच्या लाइनीचा जीआय पाइप घरात पडलाय म्हणून आणू नका. जस्ताचा धूर वेल्डरच्या छातीत जातो, आणि चालू गाडीतही तापला की सुटतो. जोडकाम टिग किंवा सीओटू वेल्डिंगनं, काठीच्या (रॉडच्या) वेल्डिंगनं नको. सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी 3 मिलीमीटरचं भोक पाडा. डिझेल छोट्या फेऱ्यांना थंड राहतं, आत पाणी साचतं.

सायलेन्सरबद्दल थोडक्यात. आतून काचेचं लोकर भरलेला सरळ सायलेन्सर डिझेलला घेऊ नका, लोकर काजळी आणि तेलानं भरून निरुपयोगी होते. आत कप्पे असलेला घ्या, कुठल्याही दोन लिटरपर्यंतच्या टर्बो डिझेलचा चालेल. टर्बोच अर्धा आवाज खातो. उरतो तो घुमारा, साधारण 1800 ते 2200 आरपीएमला, म्हणजे नेमका 60 च्या स्पीडला चौथ्या-पाचव्यात. चार सिलिंडरचे ठोके 2000 आरपीएमला सेकंदाला 67 पडतात. एवढा खालचा सूर सरळ बंद नळी लावून मारायचा तर ती पावणेदोन मीटर लांब लागेल, जिप्सीखाली कुठं मावणार? त्यापेक्षा हँगर (पाइप टांगून धरणारा आधार) बदलून बघा. पाइपाला हात लावून फिरवा, जिथं थरथर कमी लागते तिथं हँगर, आणि रबर मऊ. माझ्या अनुभवात निम्मे घुमारे सायलेन्सरमुळं नाहीत, कडक हँगरमुळं असतात.

ऑफरोड करणार असाल तर नळीचं टोक मागच्या बंपरच्या वर आणि कडेला काढा. ओढा ओलांडताना आयडलिंगला नळीतून वायू येत राहतो म्हणून पाणी सहसा आत जात नाही, इंजिन बंद पडलं तर मात्र जातं. पण घाट चढून लालभडक झालेला टर्बो तसाच थंड पाण्यात घालू नका. काठावर दोन-तीन मिनिटं आयडलिंगला थांबा. ऑक्टोबरनंतर सड्यावरचं वाळलेलं गवत पाइप आणि पत्र्याच्या फटीत अडकतं, ते संध्याकाळी हातानं काढा, गाडी थंड झाल्यावर.

ईजीआर (थोडा जळका वायू परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) बंद करून देतो म्हणणारे भेटतील. तुमच्या इंजिनाचा ईसीयू हवेचं माप घेऊन चालतो, त्याला तो बंद दिसला की दिवा लागतो. वर सांगितलेला अडथळा कमी केलात तर ईजीआरमधली काजळीही कमी होते. आणि मित्रानं बीएस-6 चं डिझेल इंजिन स्वस्तात मिळतंय म्हणून सांगितलं तर नको म्हणा. त्याला डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर), त्याचे दाब आणि तापमानाचे सेन्सर, सगळं मूळ अंतरावर लागतं, आणि जिप्सीखाली ती जागाच नाही. स्विफ्टचं 1.3 बीएस-4 पर्यंतच होतं, एप्रिल 2020 ला मारुतीनं डिझेल बंद केली, त्यामुळं तुमच्या इंजिनाला डीपीएफची भानगड नाही.

पहिल्या 100 किलोमीटरनंतर गाडी थंड असताना फ्लँजचे सगळे बोल्ट परत आवळा, 500 ला पुन्हा. नट पितळी वापरा, दोन वर्षांनी सोडताना मला दुवा द्याल. आणि 500 ला खाली शिरलात की टॉर्चनं प्रत्येक जोडाच्या कडेला बघा. कुठं केसाएवढी काळी रेघ दिसली तर तिथून फुंकतंय, ते पॅकिंग बदला, नुसता बोल्ट आवळू नका.